नाकाला लावून दिलेली जुडी

सकाळी घरातल्या सगळ्यांना एकदमच मोरी हवी असते, आणि जुडीमावशींच्या घरी मोरीत आधीच कोथिंबीर बसलेली असते. पत्र्याच्या टबात कोथिंबीर, बादलीत पाय बुडवून उभा असलेला पुदिना, कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली शेपू आणि लसणाची पात. सुनेला तोंड धुवायचं असलं की तिने बादली ओलांडायची, नळापर्यंत एक हात लांबवायचा आणि दुसऱ्या हाताने नाक धरायचं. मग दात घासायला हातच उरत नाही.

"अगं, पाला आहे तो, चावत नाही," मावशी रोज म्हणतात.

"मला चावतो, आई," सून रोज म्हणते.

त्या दिवशीही हे बोलून झालं होतं. मावशी जमिनीवर पोतं अंथरून जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांचे यजमान खिडकीशी मांडीवर एक छोटं चाक घेऊन त्याला तेल घालत होते. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, गुडघे दुखायला लागल्यावर ते बंद केलं, पण चाक दिसलं की हात थांबत नाहीत. सगळे त्यांना अजून सायकलकाका म्हणतात. हे चाक मावशींच्या गाडीचं होतं. आतल्या खोलीत मुलगा झोपला होता. तो बेकरीत रात्रपाळी करतो, त्यामुळे सकाळभर घरातलं सगळं बोलणं दबक्या आवाजात चालतं. भांडणंसुद्धा.

"कुरकुरत होतं," काका चाक फिरवत म्हणाले. "आता नाही कुरकुरणार. माणसांसाठी असं तेल निघायला हवं."

"आधी स्वतः प्या," मावशी म्हणाल्या, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

तिघंही थबकली. या वेळी यांच्याकडे कोणी येत नाही. टकटक करायचं काम मावशींचं; त्या लोकांच्या दारांवर करतात.

दारात शिकवणीबाई उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, मुलांच्या शिकवण्या घेतात, आणि मावशींचं जुनं गिऱ्हाईक. एका हातात झाकणाचा डबा, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली जुडी. चेहऱ्यावर राग नव्हता. पेपर तपासताना हुशार मुलाची चूक सापडली की बाईंचा चेहरा जसा होत असेल, तसा झाला होता.

"मावशी, हे जरा खाऊन बघा."

"सकाळीच? बसा तरी."

"बसते. तुम्ही आधी खा. काल तुमच्याकडून शेपू नेला, तो घालून बटाटे केलेत. काय लागतंय ते सांगा."

मावशींनी हात पुसून बटाट्याची एक फोड तोंडात टाकली. मीठ लागलं. तिखट लागलं. लोण्याचा मऊपणा लागला. त्यापुढे काहीच नाही. त्यांनी फोड जास्तच वेळ चावली.

"छान झालेत की," त्या म्हणाल्या.

"छान झालेतच. पण शेपूचे नाही झाले. माझी लेक बाळाला घेऊन राहायला आलीये ना, तिला शेपू आवडतो म्हणून केले. तर म्हणाली, आई, यात बडीशेप का टाकलीस? मी म्हटलं, मी नाही टाकली. तर म्हणते, मग बटाट्यांनीच खाल्ली असेल."

काकांनी चाक खाली ठेवलं आणि हात पुढे करून एक फोड उचलली. "बडीशेपच आहे ही," ते म्हणाले. "गोडसर. अगं, तुला कळलं नाही?"

मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरी फोड घ्यायला निघालेला त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला.

"बडीशेपेचा पाला आला असेल," मावशी म्हणाल्या. "लागवड दाट झाली की कोवळी रोपं उपटून काढतात. कोणीतरी तीच शेपूच्या पोत्यात भरली असतील. दिसायला सारखाच. तेच केसासारखे बारीक तुरे."

"ते त्यांनी भरलं असेल हो." शिकवणीबाईंनी कागदातली उरलेली जुडी काढून पुढे ठेवली. "पण तुम्ही वास घेऊन दिलात. मी समोर उभी होते. तुम्ही जुडी नाकाला लावलीत आणि हं म्हणालात."

हे मावशींना एवढं का लागलं ते समजायला त्यांच्या त्या 'हं'ची गोष्ट सांगायला हवी.

जुडीमावशी भाजी विकत नाहीत. त्या फक्त पाला विकतात, म्हणजे चवीपुरता, वासापुरता लागणारा. अंधार असतानाच मोठ्या बाजारात जाऊन पोती आणायची, मोरीत निवडायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि उजाडल्यावर गाडी ढकलत आसपासच्या इमारतींमधून फिरायचं. गाडी म्हणजे त्यांच्या मुलाची तान्हेपणीची ढकलगाडी. पोरगा त्यातून उतरून चालायला लागला, गाडी रिकामी पडली, मग तिच्यात कोथिंबीर निजली. वर झालर होती ती कधीच गेली. ऊन लागू नये म्हणून आता ओलं फडकं असतं. नवं कोणी राहायला आलं की बाळ बघायला म्हणून कौतुकाने वाकतं आणि फडक्याखालून पुदिना निघतो.

फिरताना मावशींच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. कोथिंबिरीची देठं टाकू नका हो, पानं वरून घालायला आणि देठं वाटणाला, खरी चव देठात असते. पुदिन्याला फुलांसारखं पाण्यात उभं करा, कोथिंबिरीला कोरड्या कापडात गुंडाळा. दोघांना एकाच पिशवीत कोंबलं की दोघंही रुसतात. शेपू शेवटी घाला, आच बंद करताना. लसणाची पात कच्चीच बरी. गवती चहाला नुसतं पाणी दाखवू नका, चांगली उकळी द्या, सर्दीत घशाला बरं वाटतं. जेवणानंतर पोट फुगत असेल तर पुदिन्याची चार पानं गरम पाण्यात. मेथीचा कडूपणा घाबरण्यासारखा नाही, बटाट्याबरोबर टाका, निमूटपणे राहते.

पण त्या वैदूगिरी करत नाहीत. एका गृहस्थांनी साखरेच्या गोळ्या बंद करून रोज मेथी खायची ठरवलं आणि दोन जुड्या जास्त मागितल्या, तर मावशींनी एकही दिली नाही. "औषध डॉक्टरांचं, चव माझी," म्हणाल्या. "गोळी घेऊन या, मग मेथी देते." गृहस्थ चिडले, पण त्यांच्या बायकोने नंतर येऊन मेथी नेली आणि जाताना मावशींचा हात धरला.

चुकायच्याही. छातीत जळजळ होते म्हणणाऱ्यालाही त्या पुदिनाच द्यायच्या, कारण पुदिना थंड, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिने एकदा हळूच सांगितलं, "आई, काहींना पुदिन्याने जळजळ वाढते. आमच्याकडे गोळ्या घ्यायला येतात ना, त्यांना डॉक्टर बंद करायला सांगतात." मावशी दोन दिवस गाल फुगवून बसल्या. तिसऱ्या दिवसापासून जळजळवाल्यांना कोथिंबीर देऊ लागल्या. सुनेने सांगितलं असं मात्र कुठे बोलल्या नाहीत.

आणि हे सगळं बोलून झालं की शेवटी यायचा तो 'हं'. जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकण्याआधी मावशी ती नाकाला लावत. पानं दोन बोटांत किंचित चुरत, डोळे अर्धे मिटत, आणि मग नाकातूनच आल्यासारखा तो आवाज, हं. तो आला की जुडी पिशवीत. नाही आला तर जुडी परत टबात आणि दुसरी हातात. पाणी मारून ताजी दिसणारी, पण आतून उतरलेली कोथिंबीर त्यांना नाकाने कळायची. पाला कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो, प्लास्टिकच्या डब्यात, थंडगार, एकसारखा कापलेला. तरी लोक मावशींची वाट बघत थांबायचे ते त्या 'हं'साठी. नव्या शेजारणीला जुनी शेजारीण सांगायची, "त्यांच्याकडून घ्या, वास घेऊन देतात."

गेल्या थंडीत मावशींना ताप आला. नाक चोंदलं, डोकं जड झालं, आठवडाभर अंथरुणात गेला. मग ताप उतरला, नाक मोकळं झालं, अगदी वारा आरपार जाईल इतकं मोकळं. पण वास परत आला नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते पोतं उघडताना. ओलं पोतं सोडलं की कोथिंबिरीचा जो लोट यायचा, त्यासाठी त्या नकळत मान जरा मागे घ्यायच्या. त्या दिवशी मान मागे गेली आणि काहीच आलं नाही. येईल, म्हटलं. सर्दीनंतर वेळ लागतो. मग थंडी संपली, ऊन वाढलं, आणि त्या रोज सकाळी पोतं सोडून मान मागे घेत राहिल्या.

कुणाला सांगणार? शिंप्याचे डोळे गेले तर निदान लोकांना ते दिसतं तरी. मावशींना कामापुरतं जमतही होतं. पुदिना नाकात गार लागतो, तो वास नसला तरी ओळखता येतो. लसणाच्या पातीने डोळे चुरचुरतात. कोथिंबिरीचं पान हाताला कळतं. उतरलेली जुडी देठाला बुळबुळीत लागते. असं चाचपत चाचपत त्यांनी काम रेटलं. आणि दारोदारी जुडी नाकाला लावून, डोळे अर्धे मिटून, हं म्हणत राहिल्या. आधी वाईट वाटायचं. मग सवय झाली, आणि सवय झाली याचं वाईट वाटायला लागलं.

राहता राहिला शेपू. शेपू आणि बडीशेप बाजारातल्या अर्धवट उजेडात शेजारी ठेवले तर भावाला भाऊ ओळखणार नाही. नीट बघितलं तर शेपूचा हिरवा जरा निळसर असतो, पण मावशींनी कधी नीट बघितलंच नव्हतं. नाकाने सांगितल्यावर डोळ्यांना कोण विचारतं?

तर आता शिकवणीबाई समोर बसल्या होत्या आणि त्या 'हं'चा जाब मागत होत्या.

"गडबड झाली असेल," मावशी म्हणाल्या. "काल फार घाई होती."

हे खोटं होतं, आणि काकांनाही ते खोटं वाटलं असावं, कारण त्यांनी उगाचच चाक पुन्हा उचललं.

"जाऊ द्या हो, मी काही भांडायला नाही आले," शिकवणीबाई म्हणाल्या. "मला एवढंच विचारायचं होतं, लेकीने खाल्लंय, बाळाला तिचं दूध जातं, काही बाधायचं तर नाही?"

"बाधायचं काय त्यात. पोट धरलेल्याला शेपूही बरा आणि बडीशेपही बरी. जेवणातून जाते तेवढ्याने काही होत नाही."

"फक्त काढा-बिढा करून थेट बाळाला पाजू नका," आतून सुनेचा आवाज आला. ती कामावर जायच्या तयारीत होती, केसांना पिन लावत दारात येऊन उभी राहिली. "जेवणात चालेल."

शिकवणीबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं. मग आता मला आज खरा शेपू द्या. एक जुडी. आणि यावेळी चांगला वास घेऊन द्या बरं का, नेहमीसारखा. लेकीसमोर माझी अब्रू आहे."

मावशी उठल्या आणि मोरीत गेल्या. गोणपाट बाजूला केलं.

खाली कालच्या उरलेल्या जुड्या होत्या आणि आज दुसऱ्या माणसाकडून आणलेल्या. आजचा शेपू खरा असणार, हे त्यांना माहीत होतं. सकाळी त्यांनी कालचा डावीकडे ठेवला होता आणि आजचा उजवीकडे. पण मधल्या वेळेत काकांची आंघोळ झाली होती. आंघोळीला जागा करताना काकांनी गोणपाटासकट सगळं उचलून पलीकडे ठेवलं आणि नंतर परत आणून ठेवलं, अगदी नीट, ओळीने, आपण केवढं मोठं काम केलं अशा थाटात. डावं उजवं झालं होतं की तसंच होतं, कोण जाणे. मावशींनी एक तुरा तोडून जिभेवर ठेवला. पुसटसं गोड लागलं का? की मनाचेच खेळ? दुसऱ्या ढिगातला चावला. गवत. पहिलाही मग गवतच लागला. मोरीला खिडकी नव्हती, दिवा मिणमिणता. निळसर आणि हिरवा या उजेडात कसला कळतोय.

"मिळाला का?" बाहेरून शिकवणीबाईंनी विचारलं.

मावशींनी वरची जुडी उचलली आणि बाहेर आल्या. तिघांच्या समोर उभ्या राहिल्या. पानं बोटांत चुरली, जुडी नाकाला लावली. इतकी वर्षं हे करताना त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. आता ते मिटेनात. चूक निघाली तर बाई पुन्हा येणार. पुन्हा आल्या तर नुसत्या येणार नाहीत, तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर, तिथून पलीकडच्या इमारतीत गोष्ट जाणार. मग लोक मावशींकडे थांबायचे कशाला? डबाबंद पाला आहेच.

'हं' काही आला नाही.

"आई, ती नको," सून म्हणाली.

ती मोरीत गेली. नाकाला रुमाल लावलेला, दुसऱ्या हाताची दोन बोटं पुढे. गोणपाटाच्या एका कडेची जुडी तिने मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी उचलून आणली.

"ती कालची आहे. ही द्या. सकाळी तुम्ही ही वेगळी काढून ठेवली होती ना."

मावशींनी काही वेगळं काढून ठेवलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. सून रुमालाआडून जमिनीकडे बघत होती. मावशींनी नवी जुडी घेतली, नाकाला लावली आणि म्हणाल्या, "हं."

शिकवणीबाईंनी ती स्वतःही हुंगली. "बघा. याला म्हणायचं शेपू." डबा तिथेच ठेवून, उरलेले बटाटे काकांना देऊन त्या खुशीत गेल्या. जाताना म्हणाल्या, "तरी म्हटलं, मावशींचं नाक चुकायचं नाही. घाईच झाली असणार."

काकांनी दोघींकडे पाळीपाळीने बघितलं. संसारात मुरलेल्या माणसाला कधी उठावं ते कळतं. ते डबा एका हातात आणि चाक दुसऱ्या हातात घेऊन, "गाडीला बसवून येतो," म्हणत बाहेर गेले.

मावशी पोत्यावर बसल्या. सून उभीच होती. तिला उशीर होत होता, पण चपला घातल्या नव्हत्या.

आता या दोघींचं कसं, तेही सांगायला हवं. वाकडं काही नव्हतं, पण कोथिंबीर आडवी आली होती. लग्नानंतर पहिल्यांदा घरी जेवताना सुनेने ताटातलं एकेक पान वेचून बाजूला काढलं. काकांनी विचारलं तर ती खरं बोलली. मला याला ढेकणासारखा वास येतो, म्हणाली. काहींना तो तसाच येतो, लहानपणापासून येतो, त्यात नखरा नसतो. पण जिचं घर कोथिंबिरीवर चालतं तिला हे ऐकून काय वाटेल? मावशींनी दाराबाहेर, दारात, जिन्यात, जिथे गाडी थांबेल तिथे सांगितलं, आमच्या सुनेला कोथिंबिरीत ढेकूण दिसतो. लोक हसले. सुनेच्या कानावर आलं. तेव्हापासून ती मोरीत जाताना रुमाल घेऊन जाऊ लागली.

"तुला कसं कळलं, कुठली कालची?" मावशींनी विचारलं.

"काल तुम्ही पोतं आणलंत आणि मला मळमळलं नाही, त्यावरून."

"म्हणजे?"

"शेपूने मला मळमळतं, आई. कोथिंबिरीइतकं नाही, पण मळमळतं. बडीशेपेचं काही वाटत नाही. आजच्या ढिगाजवळून गेले आणि पोटात ढवळलं, म्हणजे तो शेपू." तिने रुमाल पुन्हा नाकाशी नेला. "काल मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बडीशेप आणली. माझ्यासाठी. म्हटलं, आईंना दया आली."

मावशींना हसू आलं, आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. सून खाली बसली, टबापासून हातभर लांब.

"आई, तुम्हाला वास येत नाही ना?"

मावशींनी एक जुडी उचलली. तिचा दोरा सोडला आणि परत बांधला.

"थंडीपासून," त्या म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं. म्हणजे तेव्हा नव्हतं वाटलं, आता वाटतंय. ते दूध करपलं होतं बघा, मी गॅसवर ठेवून विसरले होते. तुम्ही शेजारीच बसला होतात. मी धावत आले तर तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, मुद्दाम बोलला नाहीत. बघू दे हिला हिचं हिला, असं. मी दोन दिवस मनात तुमच्याशी भांडत होते."

"अगं, मला कळलंच नाही. तू धावत आलीस म्हणून मी दचकले."

"आणि भाजीत मीठ वाढलंय, तिखट वाढलंय."

"तुझे सासरे तर काही बोलत नाहीत."

"ते दर घासाला पाणी पितात, आई."

दोघी हसल्या, मग आत झोपलेल्याची आठवण होऊन दोघींनी तोंडावर हात घेतला. सून म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या. नाक-कान-घशाच्या. तापानंतर असं होतं काहींना. रोज ओळखीचे वास थोडे थोडे घेत राहा, असं सांगतात ते. कधी येतो परत. येतोच असं नाही."

"रोज घेतेच आहे मी. माझं कामच ते." मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. "दाखवू. तू म्हणशील तेव्हा येते. पण लोकांना काय सांगू? ते पाल्याला येत नाहीत गं, माझ्या नाकाला येतात. ते नाहीये कळलं तर?"

"काल शेपू कोणी कोणी नेलाय?"

"खूप जणींनी."

"त्यांना सांगावं लागेल."

"ते सांगेन. आजच दारोदार सांगेन, कालचा शेपू नव्हता, बडीशेप होती. बटाट्यात घाला, काकडीत घाला, डाळीत घालू नका. ज्यांना हवा त्यांना बदलून देईन. ते मला जड नाही." मावशींनी जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला. "जड दुसरंच आहे."

बाहेर काका गाडी पुढे-मागे ढकलून चाक तपासत होते. आता ती कुरकुरत नव्हती.

"अजून येतो का गं?" मावशींनी मध्येच विचारलं. "माझ्या हातांना. कोथिंबिरीचा."

"येतो ना. तुम्ही चहा दिलात की कपालाही येतो. दाराच्या कडीला येतो. यांच्या शर्टाच्या घड्या तुम्ही घातल्यात की त्यालाही येतो."

"तुला सहन होत नाही."

"नाही होत," सून म्हणाली. तिने खोटं काही म्हटलं नाही, याचं मावशींना का कोण जाणे बरं वाटलं. "पण घरी आले की आधी तोच येतो. मग कळतं, घर आलं."

मावशींनी दोन्ही तळहात उलटे करून बघितले, हिरवे डाग पडलेले, सुरकुत्यांत माती बसलेली. गल्लीभर जिची थट्टा केली, जिच्या रुमालाला टोमणे मारले, तिच्यापाशी आता त्यांना मागायचं होतं, आणि मागणंही असं की त्यात तिलाच त्रास. तिला आवडत नाही म्हणूनच तिचं नाक एवढं तिखट, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. आडवळणाने बोलून बघावं असं क्षणभर वाटलं. मुलाकडून सांगायला लावावं, असंही वाटलं. मग त्यांनी टब जरासा बाजूला सरकवला, पोत्यावर एका माणसाला बसता येईल एवढी जागा केली, आणि सुनेकडे सरळ बघितलं.

"आजवर मी तुला जे बोलले ते बोलले. कोणी विचारलं तर आता सांगेन, वास माझी सून घेते. फक्त एवढं कर. उद्यापासून सकाळी मी जुड्या बांधते तेव्हा थोडा वेळ इथे माझ्याशेजारी बस. मी एकेक तुझ्या नाकाला लावीन. कशाचा वास येतो, तेवढं मला सांग."